आपाचा राजीनामा माझ्या लॅपटॉपवर आहे

५ सप्टेंबर २०२४ ला आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सातपासून गुलाबाची फुलं पडायला लागली. शिक्षक दिन होता. मामूंनी राधाकृष्णन यांचा फोटो टाकला, खालाजाननी हात जोडलेले चार इमोजी टाकले आणि कुणीतरी ते नेहमीचं मेणबत्तीचं चित्र टाकलं: शिक्षक स्वतः जळतो आणि जगाला उजेड देतो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती माझी थोरली बहीण दिवसभर गप्प होती. रात्री साडेनऊला तिचा एकच मेसेज आला: "मेणबत्तीला रविवारी तरी सुट्टी द्या."

त्यावर हसण्याचे दहाबारा इमोजी आले आणि विषय संपला. त्याच तारखेला राज्य सरकारनं एक शासन निर्णय काढला होता. वीस किंवा त्यापेक्षा कमी पट असलेल्या शाळेतल्या दोनपैकी एका जागेवर निवृत्त किंवा बेरोजगार डी.एड., बी.एड. माणूस कंत्राटावर घ्यायचा, महिना १५,००० रुपयांत. गुलाबाची फुलं आणि हा कागद, दोन्ही एकाच दिवशी. २५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणी काही टाकलं नाही.

आपा अक्कलकुवा तालुक्यात, काठीच्या परिसरातल्या एका पाड्यावरच्या दोनशिक्षकी सरकारी शाळेत शिकवते. अक्कलकुवा म्हटलं की मुस्लिम तरुणाला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आठवतं. बाकीच्या महाराष्ट्राला आठवते काठी संस्थानची राजवाडी होळी. रात्रभर ढोल, घुंगरं, अंगावर राखेची नक्षी काढलेले बावा, आणि पहाटे पेटणारा तो उंच बांबू. टीव्हीवाले येतात, ड्रोन उडवतात आणि सकाळी परत जातात. वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांत तिथे काय चालतं, ते आपाच्या मोबाइलमध्ये आहे. आणि त्या मोबाइलमध्ये जे आहे, त्यातलं थोडं पाप माझ्यासारख्यांचं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी ज्या कंपनीत होतो, तिथे एका सरकारी खात्यासाठी हजेरीचं अ‍ॅप बनवायचं काम आलं. राज्य दुसरं होतं, म्हणजे आपाच्या वाट्याला ते आलं नाही. त्यात फोटो आणि लोकेशनचे रकाने होते. त्यांच्या शेजारचा लाल तारा मी लावला. लाल तारा म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रेंज नसेल तर काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये एकदा निघाला. कुणीतरी म्हणालं, आजकाल रेंज सगळीकडे असते. मी काही बोललो नाही. मी स्वतः अक्कलकुव्यात वाढलेला माणूस, देवगोई घाट चढताना फोन कुठे मरतो ते मला पाठ आहे. पण शुक्रवार होता आणि सोमवारी डेमो होता.

पुढच्या उन्हाळ्यात आपाकडे गेलो तेव्हा शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या टेकाडावर एक महूचं झाड तिनं मला दाखवलं. "हे आमचं ऑफिस," ती म्हणाली. त्या झाडाखाली रेंज येते. खिचडी किती मुलांनी खाल्ली, हजर किती, गैरहजर किती, हे सगळं शाळा सुटल्यावर तिथे उभं राहून पाठवायचं. पावसाळ्यात छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात. तिच्या अ‍ॅपवर लाल तारा होता. मी लावलेला नव्हता, पण लावणारा माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

आता 'शिक्षकांना काम काय असतं' म्हणणाऱ्यांना ही यादी ऐकवतो, आणि ही पूर्ण नाही. यू-डायस प्लसवर शाळेची आणि मुलांची माहिती. राज्याच्या विद्यार्थी पोर्टलवर तीच माहिती पुन्हा. पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा साठा वेगळ्या वहीत. अपार आयडी, म्हणजे प्रत्येक मुलाचं आधार आणि शाळेचा दाखला अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. पाड्यावर ते जुळत नाही. आधारवर वसावा, दाखल्यावर वसावे. जन्मतारीख एकीकडे १ जून, दुसरीकडे १ जानेवारी, आणि मुलाच्या आईला विचारलं तर ती सांगते, होळीनंतर, महू वेचत होतो तेव्हा. हा घोळ दुरुस्त करायला पालकाला आधार केंद्रावर पाठवायचं, त्याची एका दिवसाची मजुरी बुडवायची. आणि पालक तर दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला गेलेला असतो. मुलालाही घेऊन. मग शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. ते कोण करणार? आपाच. ऑनलाइन प्रशिक्षणं. मतदार याद्या. निवडणूक. आणि आता २०२७ ची जनगणना, जी या वेळी मोबाइलवरच होणार आहे. प्रगणक आणणार कुठून, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम २७: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं कुठलंही काम देता येणार नाही. त्याच्याही आधी, डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात सांगितलं होतं की मतदार यादीचं काम शिक्षकाकडून सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी घ्यावं, शिकवण्याच्या वेळेत सहसा घेऊ नये. म्हणजे न्यायालयानं मुलाचा तास वाचवला आणि शिक्षकाचा रविवार दिला. मुलाच्या बाजूनं तो निर्णय बरोबर आहे, मला मान्य आहे. पण बिल कुणाच्या नावावर फाडलं ते बघा.

थोडा हिशेब करू. माझ्या धंद्याची सवय आहे ती. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं पाहिजे. म्हणजे रोज चार तास. आपाच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे एका वर्गाला शिक्षक प्रत्यक्ष मिळतो दोन तास. दुसरे सर बैठकीला किंवा निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले की चार वर्गांना एकटी आपा, एका वर्गाला एक तास. त्यातले दोन तास मोबाइल आणि वह्यांनी खाल्ले की उरला अर्धा तास. ज्या मुलाच्या घरी भिली बोलली जाते आणि पुस्तक मराठीत आहे, त्याला वाचायला शिकवायला दिवसाला अर्धा तास. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सगळ्यात खाली. मग वरून कुणीतरी विचारतं की मुलांना वाचता का येत नाही, आणि त्या प्रश्नाचं उत्तर भरायला नवी लिंक येते.

हे चाळीस ओळींचं गाऱ्हाणं मी बर्नआउटविषयी लिहायला बसलो म्हणून केलं, कारण या शब्दाचं आपल्याकडे फार लवकर लोणचं घातलं जातं. बर्नआउट म्हटलं की लोकांना वाटतं कंटाळा. किंवा शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचं दुखणं. किंवा ध्यानधारणेनं बरं होणारं काहीतरी. आपाला मागच्या वर्षी एक प्रशिक्षण होतं, विषय 'ताणतणाव व्यवस्थापन'. रविवारी, ऑनलाइन. शेवटी हजेरीची लिंक. ती भरायला ती महूच्या झाडाखाली गेली.

हा शब्द या अर्थानं १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं वापरला. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचा आणि तिथल्या स्वयंसेवकांकडे बघून त्यानं लिहिलं. लक्षात घ्या, कामचुकारांकडे बघून नाही. जे स्वतःहून आले होते, जीव ओतून काम करत होते, ते काही काळानं आतून रिकामे का होतात, हा त्याचा प्रश्न होता. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली केली आणि तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिली, थकवा, जो झोपून जात नाही. दुसरी, समोरच्या माणसापासून तुटणं, तो माणूस न राहता वस्तू होणं. तिसरी, आपण करतो त्याचा काही उपयोग नाही ही खात्री. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली आणि त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागेशी जोडलेली घटना म्हटलं. मला या सगळ्यात हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुखणं माणसाच्या डोक्यात नाही, कामाच्या मांडणीत आहे. सर्व्हर वारंवार पडत असेल तर आम्ही सर्व्हरला प्राणायाम शिकवत नाही, त्याच्यावरचा लोड बघतो.

आपात मी तिन्ही पाहिल्या. थकवा तर दिसतोच. तिसरी ती बोलून दाखवते. पण दुसरी बघून मी हादरलो.

२००८ मध्ये ती शिक्षणसेवक म्हणून लागली तेव्हा महिना ३,००० रुपये मिळायचे. (हे मानधन पुढे ६,००० आणि २०२३ पासून १६,००० झालं. त्यावर आनंद मानायचा की नाही, तुम्ही ठरवा.) मोलगीत भाड्याची खोली, तिथून जीपनं, पुढे पायी. त्या काळात सुट्टीत घरी आली की अम्मीला फक्त मुलांच्या गोष्टी सांगायची. कुणाला बोरं आवडतात, कोण शाळेत बकरी घेऊन येतो, कुणाचा भाऊ साप चावून गेला. दोन वर्षांत ती त्यांची बोली मोडकीतोडकी बोलायला शिकली. मुलं तिच्या चुकांवर हसायची आणि त्या हसण्यात ती त्यांना मराठी शिकवायची. आमच्या घरी बोलतात दख्खनी वळणाची हिंदी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. एका भाषेतून दुसरीत उडी मारताना मूल कुठे अडखळतं, ते तिला कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय कळत होतं.

गेल्या डिसेंबरला मी फोनवर विचारलं, "काय म्हणतात तुझी मुलं?"

"एकतीस पट आहे. एकोणीस हजर."

"आणि ती बकरीवाल्याची बहीण?"

बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाली, "कोण? यादीत बघून सांगते."

ती जे म्हणाली त्यात चूक काहीच नव्हती. त्या रात्री मी झोपलो नाही.

आता समोरून येणारे दगड मला माहीत आहेत, कारण त्यातले काही मीच पूर्वी मारलेत. पहिला: शिक्षकांना पगार किती आहेत, सुट्ट्या किती आहेत! पगार चांगला आहे, खरंय. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, तरी चांगला आहे. पण पगार भरपूर मिळतो म्हणून माणूस थकत नाही असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आयटीत माझा पगार आपापेक्षा जास्त आहे आणि आमच्या कॅन्टीनमध्ये बर्नआउटशिवाय दुसरा विषय नसतो.

दुसरा दगड जास्त जड आहे: पाड्यावरचे शिक्षक शाळेतच जात नाहीत, आपल्या जागी एखादं पोरगं चार पैशांवर ठेवतात. असे आहेत. मी पाहिलेत, त्यांना वाचवायला मी हे लिहीत नाही. पण एक प्रश्न विचारा. ही व्यवस्था कुणाला सुखात ठेवते? वर बसलेल्याला फक्त भरलेला रकाना दिसतो. जो माणूस घरी बसून एकोणीसच्या जागी एकोणतीस भरतो, त्याची माहिती वेळेत जाते, त्याला नोटीस येत नाही, त्याचा रक्तदाब ठीक असतो. जो खरोखर मुलं मोजतो, त्याला उशीर होतो, त्याला 'कारणे दाखवा' येते. आपाला आली आहे. माहिती दोन दिवस उशिरा गेली म्हणून. त्या दोन दिवसांत ती एका तापानं फणफणलेल्या मुलीला मोलगीच्या दवाखान्यात नेऊन बसली होती. त्याचा रकाना नव्हता. म्हणजे आपण एक असं यंत्र बांधलंय जे खोटं बोलणाऱ्याला तेल घालतं आणि खऱ्याला दळतं, आणि मग आपणच विचारतो की चांगले शिक्षक गेले कुठे.

तिसरा दगड आपल्या घरातला आहे, आणि तो दगड दिसत नाही कारण त्याला फुलं चिकटवलेली असतात. उस्तादाचा दर्जा. इल्म देणाऱ्याचा मान. पेशा पवित्र, म्हणून तक्रार हलकी. आपल्या समाजात शिक्षिकेबद्दल बोलताना आपण हमखास फातिमा शेख यांचं नाव घेतो. त्या होत्या की नव्हत्या यावर २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर केवढा धुरळा उडाला. त्या वादात एका कागदाकडे बोट दाखवलं गेलं: सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र. सावित्रीबाई आजारी, माहेरी. आपण नसल्यानं फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. आम्ही तो कागद फडकवला, बघा, होत्या म्हणून. मीही फडकवला. पण त्यात लिहिलंय काय, ते कुणी वाचलं नाही. सहकारी आजारी पडली, बदली माणूस नाही, सगळं काम एकीवर आलं आणि तिनं कुरकुर केली नाही. सावित्रीबाईंना निदान त्याची जाणीव होती, काळजी वाटत होती, त्या परत येणार होत्या. आपण पावणेदोनशे वर्षांनी काय केलं? काळजी सोडून दिली आणि कुरकुर न करणं तेवढं सद्‌गुण म्हणून उचललं.

आपल्या संस्थांकडे बघा. ज्या अंजुमनच्या किंवा ट्रस्टच्या शाळेत तुमची बहीण, वहिनी, मैत्रीण शिकवते, तिला विचारा की हातात किती येतात आणि सही कितीवर करते. विनाअनुदानित शाळेत महिना सात-आठ हजारांवर शिकवणाऱ्या मुली मी नंदुरबारपासून पुण्यापर्यंत ओळखतो. त्या थकल्या की आपण म्हणतो, लग्न होईपर्यंत तर करतेय.

इथे एक कायद्याची गोष्ट आहे, जी आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवी. २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. आपल्याकडे पेढे वाटले गेले. आपली स्वायत्तता वाचली. पण त्याच कायद्यात कलम २७ आहे, त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याचे तास मोजलेत, तयारीच्या वेळेसकट किमान ४५. विश्वस्तांची मोकळीक वाचली, तेव्हा शिक्षिकेच्या डोक्यावरचं कलम २७ चं छप्परही गेलं, आणि त्याचं कुणी नावही काढलं नाही. मग १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला, आणि त्याच्या नावातच आपण आहोत: अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर जावं. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवलाय, प्रमतीच्या निकालाबद्दलच शंका घेऊन. आपल्या बऱ्याच संस्थाचालकांना त्या परीक्षेतून सुटका हवी आहे. मला ते पटत नाही. आपल्या मुलांना शिकवणारा पात्र असावा, ही मागणी आपण सगळ्यात आधी करायला हवी होती. पण सतरा-अठरा वर्षं शिकवलेल्या बाईला परीक्षा द्यायला लावायची तर तिला अभ्यासाची रजा द्या, एक महिना मोबाइल बंद ठेवायची परवानगी द्या. आपा रात्री अकराला मार्गदर्शिका उघडते. त्यातल्या बालमानसशास्त्राच्या धड्यात लिहिलंय की मुलाच्या मातृभाषेचा आदर करावा. ती वाचून हसली आणि झोपली.

बीएलओंचं तर काय बोलावं. २०२५ च्या हिवाळ्यात मतदार याद्यांच्या विशेष फेरतपासणीत सीमेपलीकडे गुजरातसह अनेक राज्यांतून बीएलओंच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, त्यात शिक्षक होते. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जादा माणसं द्या, आजारी माणसाला त्यातून सोडा. एका माणसावर किती काम टाकायचं, हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं बसायचं!

उपाय काय, असं विचारणाऱ्यांसाठी. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला तर उठायची पाळी असते. एका आठवडा एकाची, पुढच्या आठवडा दुसऱ्याची. कायम एकाच माणसाला उठवलं तर तो तीन महिन्यांत नोकरी सोडतो, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. बिघाड झाला तर बैठक होते आणि त्या बैठकीत 'कुणी केलं' विचारायची बंदी असते, 'कसं झालं' विचारायचं. तीच माहिती दोनदा टाइप करायला लावणारा प्रोग्रॅम आम्ही चुकीचा मानतो, मग तो कितीही चालत असो. यातलं एकही रॉकेट-विज्ञान नाही. शाळेची माहिती एकदाच घ्या आणि सगळ्या खात्यांनी ती तिथून उचलावी. अ‍ॅप रेंजशिवाय चाललं पाहिजे, रेंज आली की आपोआप पाठवलं पाहिजे. हे दहा वर्षांपूर्वीही करता येत होतं, माझ्या शुक्रवारीही करता आलं असतं. दर केंद्राला माहिती भरायला एक वेगळा माणूस नेमा. बारावी झालेली, घरी बसलेली पोरं-पोरी पाड्यापाड्यावर आहेत आणि त्यांना ती बोली येते. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकाची कामं शैक्षणिक कुठली आणि अशैक्षणिक कुठली याचं वर्गीकरण करून शासन निर्णय काढला. चांगलं केलं. आता शाळेतल्या शिक्षकाला अशैक्षणिक कामाला 'नाही' म्हणता येतं का आणि म्हटल्यावर नोटीस येत नाही का, तेवढं बघा. नाहीतर तो आणखी एक कागद झाला, फाइलला लावायचा.

आणि पटसंख्येची कुऱ्हाड थांबवा. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असली तर शिक्षकाचं पदच शून्य. डोंगरात पाडा वीस घरांचा असतो. तिथे पट कमी असणं हा भूगोल आहे, शिक्षकाचा आळस नाही. आणि पोटासाठी अर्धा पाडा सहा महिने गुजरातेत असतो. याच तालुक्यात, नर्मदेच्या काठी, चिमलखेडीला नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पहिली जीवनशाळा काढली. गावातलीच माणसं शिक्षक, मुलांच्या बोलीतून सुरुवात. पैसे नव्हते, इमारत धड नव्हती, वर सरकारशी लढा. सरकारी शाळेपेक्षा तिथल्या शिक्षकाचं आयुष्य काही सोपं नव्हतं. पण आपण हे कशासाठी करतोय हे त्याला माहीत होतं, आणि तो थकला तर बघायला गाव होतं. मॅस्लाकच्या तिसऱ्या रकान्याचं औषध तिथे होतं. आपाच्या आजूबाजूला गाव आहे, पण गावाशी बोलायला तिला वेळ नाही.

आता वाचणाऱ्यांपैकी जे हिंजवडीत, खराडीत, बेंगळुरूत बसून कोड लिहितात त्यांच्याशी दोन शब्द. आपल्यातले पुष्कळ जण कुठल्यातरी आपाच्या जोरावर इथवर आलोत. मला पाढे तिनंच शिकवले, डिप्लोमाची फी तिच्या तीन हजारांतून गेली. सरकारी कंत्राटाचं काम तुमच्या टेबलावर येईल तेव्हा लाल तारा लावायच्या आधी विचारा, हा रकाना कोण भरणार, कुठे उभं राहून, आणि त्या वेळी त्याच्या वर्गात कोण असेल. मीटिंगमध्ये विचारा, मोठ्यानं विचारा. नोकरी जात नाही. मी नंतरच्या कंपनीत विचारून बघितलं. थोडं हसतात, मग रकाना ऐच्छिक करतात.

डिसेंबरच्या त्या फोननंतर आठ दिवसांनी आपाचा मेसेज आला: "अर्ज टाइप करून दे. मराठीत. मला फॉन्टचं जमत नाही." खाली हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो. विषय: राजीनाम्याबाबत. कारण म्हणून तिनं लिहिलं होतं 'कौटुंबिक'. मी टाइप केला. पाठवला नाही. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा म्हटलं की करतो, प्रिंटर बिघडलाय. खोटं बोललो. तिच्या जागी असतो तर मी कधीच सही केली असती. पण तिच्या जागी उद्या कोण येणार ते मला माहीत आहे: एखादा दमलेला म्हातारा, किंवा शून्य.

अम्मी म्हणते, तिला ठरवू दे, तू कोण? अम्मीचं बरोबर आहे. होळीला गुजरातेतून पाडा परत येतो, वर्ग भरतो, तेव्हा आपाचा आवाज दरवर्षी थोडा बदलतो. या वर्षी मी तिकडेच जाणार आहे. काठीची होळी बघायला नाही, तिच्या शाळेत. लॅपटॉप घेऊन. अर्जाची प्रिंट बॅगेत असेल. कारणाच्या जागी 'कौटुंबिक' काढून मी जागा रिकामी ठेवली आहे. तिथे काय लिहायचं ते ती सांगेल, मग सही करायची की नाही तेही तीच.